फोर्क()नंतर पॅरेंट आणि चाइल्ड प्रोसेसमध्ये मेमरी शेअर करणे (लिनक्स, सी)

पेजफॉल्ट

ग्लोबल व्हेरिएबल आहे. फोर्क() केलं (म्हणजे चालू प्रोसेसची नक्कल काढली; मूळची ती पॅरेंट, नवी ती चाइल्ड), चाइल्डने त्यात ४२ लिहिलं, पॅरेंटने वेटपिड() करून, म्हणजे चाइल्ड संपायची वाट पाहून वाचलं, तर तिथे अजून शून्यच. हा प्रश्न इतक्या वेळा येतो की त्याला एक स्वतंत्र धागा असलेला बरा. गोंधळात भर म्हणजे दोन्ही प्रोसेसनी त्या व्हेरिएबलचा पत्ता छापला तर तो अंकाअंकाने सारखा निघतो. मग पत्ता एकच असताना किंमत वेगळी कशी?

कारण तो पत्ता व्हर्च्युअल आहे, म्हणजे प्रत्येक प्रोसेसचा आपापला. दोन वेगळ्या सोसायट्यांत फ्लॅट नंबर १०१ असावा, तसं. फोर्क()च्या क्षणी कर्नल सगळ्या मेमरीची नक्कल करत बसत नाही. तो पेज टेबलं (मेमरीचा कोणता ठरावीक तुकडा, म्हणजे पेज, खरोखर कुठे आहे याच्या नोंदी) उतरवून घेतो आणि ज्या प्रायव्हेट पेजेसवर लिहायची परवानगी होती ती दोन्हीकडे 'फक्त वाचा' अशी करून ठेवतो. दोघांपैकी कोणीही लिहायला गेलं की पेज फॉल्ट होतो (काम थांबून कर्नलकडे जातं), कर्नल ते पेज (एक्स८६ वर ४०९६ बाइट्स) नव्या जागी उतरवतो आणि लिहिणाऱ्याला ती प्रत देतो. याला कॉपी-ऑन-राइट म्हणतात. ग्लोबल, स्टॅटिक, स्टॅक, मॅलॉक()ने घेतलेली मेमरी, सगळ्यांना हाच नियम.

शेअर करायचंच असेल तर फोर्क()च्या *आधी* एममॅप()ने कर्नलकडे मेमरीचा साझा तुकडा मागावा लागतो:

साझा = एममॅप(नल, आकार, प्रॉट_रीड | प्रॉट_राइट, मॅप_शेअर्ड | मॅप_अनॉनिमस, -१, ०);

मग फोर्क(). चाइल्ड 'साझा'मध्ये लिहील ते पॅरेंटला दिसेल आणि उलटही. ही मेमरी शून्यांनी भरलेली मिळते, त्यामुळे मेमसेट()ची गरज नाही. आकार पेजच्या पटीत वर ढकलला जातो. ४ बाइट मागितले तरी पूर्ण पेज खर्ची पडतं. म्हणून दहा व्हेरिएबल्ससाठी दहा वेळा एममॅप() करू नका. एक स्ट्रक्ट करा, त्यात सगळं ठेवा, एकदाच मॅप करा.

नेहमी कुठे अडतं ते इथेच सांगतो. मॅप_शेअर्डच्या जागी मॅप_प्रायव्हेट लिहिलं तर एकही एरर येत नाही, फक्त शेअरिंग होत नाही. फोर्क()नंतर एममॅप() केलं तर दोघांना दोन स्वतंत्र तुकडे मिळतात, तेही बिनतक्रार. अपयश तपासताना नलशी तुलना करू नका. एममॅप() फसला की मॅप_फेल्ड देतो, म्हणजे पॉइंटर केलेला -१. 'इफ (!साझा)' हा तपास त्याला कधीच पकडणार नाही आणि क्रॅश भलत्याच ओळीवर होईल.

चाइल्डने शेवटी एक्झिट() नाही, _एक्झिट() वापरावं. नाहीतर फोर्क()च्या आधी प्रिंटएफ()ने बफरमध्ये टाकलेला, पण बाहेर न गेलेला मजकूर दोनदा छापला जातो. टर्मिनलवर हे सहसा दिसत नाही, कारण तिथे प्रत्येक ओळीला बफर रिकामा होतो. आउटपुट फाइलमध्ये वळवलं की दिसतं.

खिडकी_नको

उत्तम सुरुवात. एक राहिलं: पॉइंटर. 'साझा' स्ट्रक्टमध्ये 'चार *नाव' असा मेंबर ठेवून चाइल्डने मॅलॉक() करून तिथे पत्ता टाकला, तर पॅरेंटला पत्ता बरोबर मिळतो, पण त्या पत्त्यावर त्याच्याकडे काहीच नाही किंवा भलतंच काही आहे. सेगफॉल्ट झाला तर सुटलात म्हणायचं. चुकीचा डेटा गुपचूप वाचला जाणं जास्त वाईट. सी++ वाल्यांनी साझा मेमरीत स्टँडर्ड स्ट्रिंग किंवा व्हेक्टर ठेवू नये, तेही याच कारणाने. ऑब्जेक्ट साझा असला तरी त्याचा मजकूर लिहिणाऱ्याच्या हीपवर असतो. आणि छोटी स्ट्रिंग ऑब्जेक्टच्या आतच मावते, त्यामुळे चाचणीत 'अबक' चालतं आणि खरं लांबलचक नाव आलं की कोसळतं.

ठरावीक लांबीचे ॲरे ठेवा. लिंक्ड लिस्ट हवीच असेल तर पॉइंटरऐवजी तुकड्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर साठवा. फोर्क()च्या आधी केलेलं मॅपिंग दोघांकडे एकाच पत्त्यावर असतं, त्यामुळे तुकड्याच्या *आतलेच* पॉइंटर तांत्रिकदृष्ट्या चालतात. पण उद्या चाइल्डमध्ये एक्झेक() (त्याच प्रोसेसमध्ये दुसरा प्रोग्रॅम चालू करणं) आलं की तो आधार गेला. अंतरं साठवायची सवय सुरुवातीपासूनच बरी.

सेमीकोलन

एक्झेक()चा विषय निघालाच आहे तर: एक्झेक() झाल्यावर जुनं सगळं ॲड्रेस स्पेस टाकून दिलं जातं, शेअर्ड मॅपिंगसकट. चाइल्ड वेगळा प्रोग्रॅम चालवणार असेल तर अनॉनिमस मॅपिंगचा उपयोग नाही. दोन रस्ते आहेत.

पहिला एसएचएम_ओपन(), म्हणजे नाव दिलेला साझा तुकडा उघडणं. नाव '/' ने सुरू होतं, मध्ये दुसरा '/' नको. लिनक्सवर ती फाइल देव/एसएचएम खाली दिसते. उघडल्यावर आकार शून्य असतो. एफट्रंकेट()ने आकार द्यायला विसरलात तर एममॅप() यशस्वी होईल आणि पहिल्या स्पर्शाला सिगबस (प्रोसेस मारणारा सिग्नल) येईल. काम झाल्यावर एसएचएम_अनलिंक(), नाहीतर तुकडा रीबूट होईपर्यंत पडून राहतो. जीलिबसी २.३४ च्या आधीच्या सिस्टिमवर लिंक करताना रिअलटाइम लायब्ररीचा पर्याय (वजा एल-आर-टी) द्यावा लागतो.

दुसरा आणि माझ्या मते जास्त स्वच्छ: मेमएफडी_क्रिएट(), लिनक्स ३.१७ पासून. नावाची भानगड नाही, फक्त फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा नंबर). तो एक्झेक()च्या पलीकडे जाऊ द्यायचा (क्लोज-ऑन-एक्झेक फ्लॅग लावायचा नाही), डिस्क्रिप्टरचा नंबर कमांड लाइनवर द्यायचा, आणि चाइल्डने तो एममॅप() करायचा. शेवटचा वापरणारा संपला की मेमरी आपोआप परत. प्रोग्रॅम कसाही मेला तरी कचरा मागे राहत नाही.

नवा_भिडू

पेजफॉल्ट यांच्या पद्धतीने मेमरी शेअर होते, तिथपर्यंत ठीक. आता समजा चार चाइल्ड आहेत आणि प्रत्येकी १० लाख वेळा 'साझा->मोजणी++' करतात. उत्तर ४० लाख यायला हवं, पण दरवेळी कमी येतं आणि दरवेळी वेगळं. व्होलाटाइल लावूनही तेच. का?

अणुरेणू

कारण '++' दिसायला एक असलं तरी मशीनला ती तीन कामं आहेत: मेमरीतून वाच, एक मिळव, परत लिही. दोघांनी एकाच वेळी ५०० वाचलं, दोघांनी ५०१ लिहिलं, एक वाढ हरवली. व्होलाटाइल फक्त कंपायलरला सांगतं की ही किंमत रजिस्टरमध्ये धरून ठेवू नकोस, दरवेळी मेमरीत जा. दोन प्रोसेसमधल्या चढाओढीशी त्याचा संबंध नाही.

फक्त मोजणी असेल तर लॉक नको. सी११ चे ॲटॉमिक टाइप घ्या आणि ॲटॉमिक_फेच_ॲड() वापरा. लॉक-फ्री ॲटॉमिक पत्त्यावर अवलंबून नसतात, त्यामुळे दोन प्रोसेसनी तीच मेमरी दोन वेगळ्या पत्त्यांवर मॅप केली असली तरी चालतात. ६४-बिट मशीनवर इंट आणि लाँग लॉक-फ्री असतात. मोठं स्ट्रक्ट ॲटॉमिक म्हणून घोषित केलंत तर मात्र कंपायलर आतून लायब्ररीचं लॉक वापरू शकतो. ते लॉक प्रत्येक प्रोसेसचं आपापलं असतं, म्हणजे काहीच उपयोग नाही.

'डेटा तयार आहे' असा फ्लॅग ठेवणाऱ्यांसाठीही: आधी डेटा लिहा, मग फ्लॅग रिलीज ऑर्डरिंगने लिहा; वाचणाऱ्याने फ्लॅग अक्वायर ऑर्डरिंगने वाचावा, मग डेटा. म्हणजे फ्लॅग दिसला की त्याआधी लिहिलेला डेटाही दिसणारच. साधा इंट फ्लॅग ठेवून 'व्हाइल (!फ्लॅग)' लिहिलंत तर ऑप्टिमायझेशन चालू असताना कंपायलर फ्लॅग एकदाच वाचून अनंत लूप बनवू शकतो. एक्स८६ वर लिहिण्याचा क्रम बराचसा पाळला जातो म्हणून चुका झाकल्या जातात. तोच कोड एआरएम सर्व्हरवर नेला की उघड्या पडतात.

पॅरेंट जर चाइल्ड संपल्यावरच वाचणार असेल तर यातलं काहीच लागत नाही. वेटपिड() परत आला म्हणजे चाइल्डचं सगळं लिखाण पॅरेंटला दिसणारच. अनेक कामांना एवढं पुरतं: प्रत्येक चाइल्डला ॲरेमधली स्वतःची जागा द्या, शेवटी पॅरेंटने बेरीज करावी.

फ्यूटेक्स

एकापेक्षा जास्त फील्ड एकत्र बदलायची असतील तर लॉक लागेल. इथे एक सापळा आहे आणि तो चाचणीत दिसत नाही, म्हणून जरा विस्ताराने.

लोक पीथ्रेड म्यूटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं लॉक) साझा स्ट्रक्टमध्ये ठेवतात, नेहमीसारखा इनिशियलाइज करतात, चालवतात आणि तो चालतो! मग कधीतरी लोड वाढला की एखादी प्रोसेस कायमची झोपते. कारण असं: लिनक्समध्ये म्यूटेक्स मोकळा असेल तर तो युजर स्पेसमध्येच एका ॲटॉमिक सूचनेने घेतला जातो, कर्नलपर्यंत जायची वेळच येत नाही. मेमरी खरोखर साझा असल्याने हा भाग दोन प्रोसेसमध्येही बरोबर चालतो. म्यूटेक्स दुसऱ्याकडे असेल तरच फ्यूटेक्स सिस्टिम कॉल करून झोपायचं असतं. डीफॉल्ट म्यूटेक्स तो कॉल 'प्रायव्हेट' फ्लॅग लावून करतो. म्हणजे कर्नल झोपलेल्याला (ॲड्रेस स्पेस, पत्ता) अशा जोडीने ओळखतो. दुसऱ्या प्रोसेसने अनलॉक करून 'उठव' म्हटलं तर कर्नल तिच्या स्वतःच्या ॲड्रेस स्पेसमध्ये शोधतो, तिथे कोणी नसतं. झोपलेला झोपलेलाच.

उपाय तीन ओळींचा: म्यूटेक्सॲट्र इनिशियलाइज करा, सेटपीशेअर्ड()ने त्यावर पीथ्रेड_प्रोसेस_शेअर्ड लावा, मग तो ॲट्र देऊन म्यूटेक्स इनिशियलाइज करा. हे पॅरेंटने एकदाच, फोर्क()च्या आधी. प्रत्येक चाइल्डने पुन्हा इनिशियलाइज केलं तर दुसऱ्याने धरलेलं लॉक पायाखालून काढून घेतलं जातं. कंडिशन व्हेरिएबलचं (अट पूर्ण होईपर्यंत झोपवून ठेवणाऱ्याचं) पण असंच, त्याचा स्वतंत्र कॉन्डॲट्र असतो आणि तोच बहुतेक वेळा विसरला जातो.

सेमाफोर (मोजणीवर चालणारं, वाट पाहायला लावणारं साधन) सोपा: सेम_इनिट()चा दुसरा पॅरामीटर १ द्या, ० नाही. सिग्नल आला तर सेम_वेट() ईइंटर देऊन अर्धवट परत येऊ शकतो, म्हणून लूपमध्ये ठेवा. मॅकवर सेम_इनिट() चालतच नाही, तिथे नावाचा सेमाफोर (सेम_ओपन) घ्यावा लागतो.

नवा_भिडू

स्पष्ट झालं. पण चाइल्डने म्यूटेक्स घेतला आणि सोडायच्या आधी तिला किल -९ (सिगकिल, अडवता न येणारा मारण्याचा सिग्नल) बसलं तर?

फ्यूटेक्स

तर तो म्यूटेक्स कुणालाच मिळणार नाही. थ्रेडमध्ये हा प्रश्न सहसा येत नाही, कारण सिगकिलने सगळे थ्रेड एकदमच जातात. प्रोसेसमध्ये येतो, आणि मेमरी शेअर करण्यातला खरा अवघड भाग मला हाच वाटतो. एममॅप()ची ओळ काय, पाठ करता येते.

म्यूटेक्स रोबस्ट करा: त्याच ॲट्रवर सेटरोबस्ट(), किंमत पीथ्रेड_म्यूटेक्स_रोबस्ट. मग धरणारा मेला की पुढच्याला लॉक() मधून ईओनरडेड मिळतं. नीट लक्षात घ्या, ही एरर असली तरी लॉक *तुम्हाला मिळालेलं असतं*. आता डेटा अर्धवट बदललेला असू शकतो. तो तपासा, दुरुस्त करा, पीथ्रेड_म्यूटेक्स_कन्सिस्टंट() बोलवा, मग अनलॉक करा. कन्सिस्टंट() न बोलवता अनलॉक केलंत तर यापुढे प्रत्येकाला ईनॉटरिकव्हरेबल. लॉक()ची परतीची किंमत न तपासणाऱ्या कोडमध्ये रोबस्ट म्यूटेक्स लावणं म्हणजे आगीतून फुफाट्यात: अडकायचं थांबेल, पण बिघडलेल्या डेटावर काम बिनधास्त चालू राहील.

सेमाफोरला मालक नसतो, त्यामुळे त्यात ही सोय शक्यच नाही. एकाच वेळी एकाने लिहायचं असेल तर म्हणूनच रोबस्ट म्यूटेक्स बरा. सेमाफोर 'काम आलंय' हे कळवायला ठेवा.

खिडकी_नको

'दुरुस्त करा' हे म्हणायला सोपं आहे. पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस काय करतो बघा. तिथे पोस्टमास्टर ही पॅरेंट प्रोसेस, प्रत्येक कनेक्शनला एक फोर्क केलेली चाइल्ड, आणि सगळ्यांमध्ये शेअर्ड बफर्स (डीफॉल्ट १२८ एमबी). एखादी चाइल्ड सेगफॉल्टने किंवा किल -९ ने मेली की पोस्टमास्टर दुरुस्तीच्या फंदात पडत नाही. उरलेल्या सगळ्या चाइल्ड बंद करतो, शेअर्ड मेमरी नव्याने मांडतो आणि डब्ल्यूएएल लॉगवरून (बदल आधीच नोंदवून ठेवणाऱ्या फाइलींवरून) रिकव्हरी करतो. म्हणूनच बॅकएंड प्रोसेसला किल -९ देऊ नका असं सांगतात. एक क्वेरी मारायला जाता आणि सगळ्यांची कनेक्शनं तुटतात. क्वेरी थांबवायला पीजी_कॅन्सल_बॅकएंड() आहे.

तुमच्याकडे डेटा पुन्हा उभा करायचा स्वतंत्र मार्ग असेल तर हेच धोरण ठेवा. अर्ध्या लिहिलेल्या स्ट्रक्टची डागडुजी करणारा कोड कधीच पुरेसा तपासला जात नाही.

पाइपवाला

एवढं सगळं वाचून विचारावंसं वाटतं, पाइपने (एकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचायचं अशा कर्नलच्या नळीने) काय घोडं मारलं आहे? ना म्यूटेक्स, ना ऑर्डरिंग, ना मेलेल्याचे विधी. ४०९६ बाइट्सपर्यंतचं लिखाण लिनक्सवर एकसंध जातं, अनेक चाइल्ड एकाच पाइपमध्ये लिहीत असल्या तरी मिसळत नाही. समोरचा मेला की रीड() शून्य देतो. निम्म्या लोकांना शेअर्ड मेमरीची गरजच नसते.

अणुरेणू

निम्म्यांबद्दल सहमत. उरलेल्यांसाठी हिशेब: १९२०×१०८० ची, ३ बाइट्स प्रति पिक्सेल अशी एक फ्रेम ६२,२०,८०० बाइट्स होते. पाइपची डीफॉल्ट क्षमता ६५,५३६ बाइट्स. एका फ्रेमसाठी तो सुमारे ९५ वेळा भरून रिकामा व्हायला हवा, आणि प्रत्येक बाइट दोनदा कॉपी होतो: एकदा कर्नलमध्ये, एकदा बाहेर.

दोन्ही एकत्र वापरा. साझा मेमरीत फ्रेमसाठी ४ खाचे (२,४८,८३,२०० बाइट्स), आणि पाइपमधून फक्त खाच्याचा नंबर पाठवायचा. नंबर ज्याच्या हातात, खाचा त्याचा. वापरून झाला की दुसऱ्या पाइपने नंबर परत. लॉक लागतच नाही, आणि राइट()-रीड()मुळे ऑर्डरिंगही आपोआप मिळतं.

मात्र पाइपवाल्यांच्या 'रीड() शून्य देतो' याला एक अट आहे. पाइपचं लिहिण्याचं टोक *जिथे जिथे* उघडं आहे तिथे ते बंद व्हायला हवं. पॅरेंटने आधी चार पाइप केले आणि मग चार चाइल्ड फोर्क केल्या, तर प्रत्येक चाइल्डकडे बाकी तिघींचीही टोकं असतात. दुसरी चाइल्ड मेली तरी तिच्या पाइपचं टोक पहिली, तिसरी आणि चौथीने धरलेलं, म्हणून पॅरेंटला शेवट कधी कळतच नाही. प्रत्येक चाइल्डने सुरुवातीलाच आपली सोडून बाकी सगळी टोकं क्लोज() करायची. पॅरेंटनेही.

पाइपवाला

मान्य. खाच्यांची कल्पना चांगली आहे.

तालुका_सर्व्हर

जुन्या कोडमध्ये अजून शेमगेट(), शेमॅट() सापडतं. ते बदलावं का? आयपीसीएस -एम (शेअर्ड सेगमेंट्सची यादी देणारी कमांड) केलं की बेवारस सेगमेंट्सची रांग दिसते.

सेमीकोलन

ती सिस्टिम फाइव्हची पद्धत. तिथे सेगमेंट प्रोसेसशी बांधलेलं नसतं. सगळे वापरणारे मेले तरी ते राहतं, म्हणून ती रांग. एनॅच (जोडलेल्यांची संख्या) शून्य असलेली आणि कुणाची नाहीत याची खात्री असलेली आयपीसीआरएम -एम आणि आयडी देऊन काढा. एनॅच शून्य म्हणजे बेवारसच असं नाही. एखादा प्रोग्रॅम दोन फेऱ्यांच्या मधे मुद्दाम डेटा ठेवत असू शकतो.

पॅरेंट-चाइल्डच असेल तर सगळं बदलायची घाई नाही, एक ओळ पुढे घ्या: शेमगेट(आयपीसी_प्रायव्हेट…), शेमॅट(), आणि लगेच शेमसीटीएल()ने आयपीसी_आरएमआयडी. सेगमेंट तेव्हाच नष्ट होत नाही, 'शेवटचा सुटला की काढ' अशी खूण होते. मग फोर्क(). चाइल्डला जोडलेलं सेगमेंट वारशाने मिळतं आणि सगळे संपले की कर्नल ते काढतो, क्रॅश झाला तरी. शेमॅट()चं अपयशही -१ असतं, नल नाही.

नवीन कोडला ही पद्धत घेऊ नये असं माझं मत. लिनक्स ३.१६ च्या आधी शेममॅक्सची (एका सेगमेंटच्या कमाल आकाराची) डीफॉल्ट मर्यादा ३२ एमबी होती आणि प्रत्येक डेटाबेस बसवताना सिसीटीएलमध्ये (कर्नलच्या सेटिंगमध्ये) ती वाढवणं हा नेमच होता. पोस्टग्रेसक्यूएलने ९.३ (२०१३) पासून मुख्य मेमरी अनॉनिमस एममॅप()वर नेली. सिस्टिम फाइव्हचं एक छोटं सेगमेंट मात्र ठेवलं, कारण एनॅच ही सोय दुसरीकडे नाही: त्याच डेटा डिरेक्टरीवर जुनी एखादी चाइल्ड अजून जिवंत आहे का, हे त्यावरून कळतं.

तुमच्या सर्व्हरवर उलटा प्रकारही होऊ शकतो, सेगमेंट मध्येच गायब. सिस्टिमडीच्या लॉगइनडीमध्ये रिमूव्हआयपीसी चालू असेल तर साध्या युजरचं शेवटचं सेशन संपलं की त्याची सगळी सेगमेंट्स आणि देव/एसएचएमखालच्या त्याच्या फाइली काढल्या जातात. सर्व्हिस सिस्टिम युजरखाली चालवा किंवा तो पर्याय बंद करा.

डबाबंद

कंटेनरवाल्यांसाठी: डॉकरमध्ये देव/एसएचएम डीफॉल्ट ६४ एमबी. एफट्रंकेट() १ जीबीला खुशाल होकार देतं, कारण तेव्हा पेजेस घेतलीच जात नाहीत. ६४ एमबी भरले की पुढच्या स्पर्शाला सिगबस आणि टर्मिनलवर 'बस एरर' एवढंच. पायटॉर्चच्या डेटालोडरमध्ये वर्कर्स वाढवले की येणारा बस एरर बहुधा हाच. एसएचएम-साइज पर्यायाने वाढवा. शिवाय एफट्रंकेट()नंतर पोझिक्स_एफॲलोकेट() करा, म्हणजे जागा नसेल तर तिथेच ईनोस्पेस मिळेल, मध्यरात्री सिगबस नाही.

अनॉनिमस एममॅप()ला ही ६४ एमबीची मर्यादा लागत नाही. ती मेमरी कर्नलच्या आतल्या वेगळ्या टेंपएफएसवर (मेमरीतल्या फाइल सिस्टिमवर) असते. तिला कंटेनरची एकूण मेमरी मर्यादा लागते.

नवा_भिडू

टॉपमध्ये आठ चाइल्ड आणि एक पॅरेंट, प्रत्येकाची मेमरी १ जीबी दिसते. खरंच ९ जीबी गेली का?

पेजफॉल्ट

नाही. टॉपच्या आरईएस रकान्यात साझा पेजेस प्रत्येक प्रोसेसच्या नावावर पूर्ण मोजली जातात. शेजारचा एसएचआर रकाना वजा करून बघा, किंवा प्रॉकखाली त्या प्रोसेसच्या एसमॅप्स_रोलअप फाइलमधली पीएसएस ओळ वाचा. त्यात प्रत्येक साझा पेज वापरणाऱ्यांच्या संख्येने भागलेलं असतं, म्हणून सगळ्यांच्या पीएसएसची बेरीज खरी येते. एसमॅप्समध्ये अनॉनिमस शेअर्ड तुकडा 'देव/झीरो (डिलीटेड)' या नावाने दिसतो. फाइल गेली म्हणून घाबरू नका.

आणि फ्री कमांडमध्ये ही मेमरी 'बफ/कॅश'खाली मोजली जाते. 'कॅश आहे, लागली तर सुटेल' असं समजू नका. ती फक्त स्वॅपमध्ये जाऊ शकते, स्वॅप नसेल तर कुठेच नाही.

सापसुरळी

पायथॉनवाल्यांसाठी थोडक्यात. मल्टिप्रोसेसिंगच्या व्हॅल्यूसोबत लॉक येतं, तरी 'मोजणी.व्हॅल्यू += १' सुरक्षित नाही; वाचताना एकदा आणि लिहिताना एकदा असं लॉक लागतं, मधे फट राहते. 'विथ मोजणी.गेट_लॉक():' च्या आत लिहा. मोठ्या नमपाय ॲरेसाठी ३.८ पासूनचं शेअर्ड_मेमरी मॉड्यूल घ्या. प्रत्येकाने क्लोज(), आणि एकानेच, शक्यतो पॅरेंटने, अनलिंक().

कॉपी-ऑन-राइटच्या भरवशावर 'मोठी डिक्शनरी पॅरेंटमध्ये भरली, चाइल्ड फक्त वाचतील' ही युक्ती सीपायथॉनमध्ये हळूहळू गळते. नुसतं वाचलं तरी ऑब्जेक्टचा रेफरन्स काउंट (त्याकडे बोट दाखवणाऱ्यांची संख्या) बदलतो, म्हणजे पेजवर लिहिलं जातं, म्हणजे प्रत तयार होते. फोर्कच्या आधी जीसी.फ्रीझ() (३.७ पासून) केल्याने गार्बेज कलेक्टरमुळे होणारी नक्कल थांबते, रेफरन्स काउंटची नाही. नमपाय ॲरेमधला मूळ डेटा मात्र यातून सुटतो, कारण काउंट फक्त वरच्या ऑब्जेक्टला असतो. आणि लिनक्सवर ३.१४ पासून डीफॉल्ट फोर्क नसून फोर्कसर्व्हर आहे, त्यामुळे ग्लोबलवर विसंबलेला जुना कोड तिथे थेट मोडेल.

अणुरेणू

वेगाबद्दल एक. चार चाइल्डचे चार काउंटर ॲरेमध्ये शेजारीशेजारी ठेवले तर लॉक नसूनही ते हळू चालतात. ८ बाइट्सचे आठ काउंटर ६४ बाइट्सच्या एकाच कॅश लाइनमध्ये (प्रोसेसर मेमरी ज्या तुकड्याने आणतो त्यात) बसतात आणि ती लाइन कोअर्समध्ये सतत ओढली जाते. प्रत्येक काउंटर ६४ च्या पटीवर आणा (अलाइनॲज(६४)). शंका असेल तर पर्फ सी२सी दाखवतो कोणत्या लाइनवर भांडण आहे.

तालुका_सर्व्हर

एफलॉक() ने साझा मेमरीचं लॉक केलं तर? प्रोसेस मेली की कर्नल सोडतोच.

खिडकी_नको

चालेल, पण फाइल प्रत्येक चाइल्डने फोर्क()*नंतर* स्वतः ओपन() केली तरच. एफलॉक()चं लॉक उघडलेल्या फाइलच्या नोंदीला चिकटतं. पॅरेंटने उघडलेला डिस्क्रिप्टर वारशाने आला तर नोंद एकच, म्हणजे सगळ्यांना 'लॉक मिळालं'. एफसीएनटीएल()ची लॉक्स प्रोसेसला चिकटतात, फोर्क()ने वारशाने जात नाहीत. पण त्याच फाइलचा दुसरा कुठलाही डिस्क्रिप्टर त्या प्रोसेसने क्लोज() केला की सगळी लॉक्स गळून पडतात. एखादी लायब्ररी हे तुमच्या नकळत करू शकते.

नवा_भिडू

शेवटचं: पॅरेंटच मेला तर चाइल्ड साझा मेमरीवर फिरतच राहतात. त्यांना कसं थांबवायचं?

फ्यूटेक्स

चाइल्डमध्ये सुरुवातीलाच पीआरसीटीएल(पीआर_सेट_पीडेथसिग, सिगटर्म), म्हणजे पॅरेंट मेला की कर्नल चाइल्डला सिगटर्म पाठवतो. त्याच्या लगेच पुढच्या ओळीत गेटपीपिड() तपासा आणि फोर्क()च्या आधी पॅरेंटने जपून ठेवलेल्या स्वतःच्या पिडशी जुळवा. जुळत नसेल तर फोर्क() आणि पीआरसीटीएल()च्या मधल्या वेळात पॅरेंट गेलेला आहे, सिग्नल कधीच येणार नाही, तिथेच _एक्झिट(). 'पिड १ आला का' असं तपासू नका. सबरीपर (अनाथ चाइल्ड दत्तक घेणारी प्रोसेस) असलेल्या सिस्टिमवर अनाथ चाइल्ड १ कडे जाईलच असं नाही.

आणि पॅरेंटमध्ये थ्रेड असतील तर एक विचित्र गोष्ट लक्षात ठेवा: हा सिग्नल चाइल्डला फोर्क करणारा *थ्रेड* संपला की येतो, अख्खी प्रोसेस संपायची वाट बघत नाही. थ्रेड पूलमधून फोर्क() करत असाल तर पूलने रिकामा थ्रेड बंद केला की चांगल्या चालत्या चाइल्ड मरतील. अशा वेळी वर आलेला पाइपचा उपाय वापरा. पॅरेंटने लिहिण्याचं टोक उघडं ठेवायचं, चाइल्डने वाचण्याचं टोक पोल() करायचं, पोलहप (समोरचं टोक बंद झाल्याची खूण) आला की आवराआवर करून बाहेर.

नवा_भिडू

पूल आहेच आमच्या कोडमध्ये. पाइपच लावतो.